तुमच्या नावाचा घास

टेक्सस
रविवार, १६ नोव्हेंबर १९८६

ती. सौ. आईंना,
सून कांचनचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं दिवाळीचं पत्र मिळालं. अप्पांचा खोकला कमी झाला हे वाचून बरं वाटलं. मनगटाचं प्लास्टर कधी निघणार ते मात्र तुम्ही लिहिलंच नाही. एका हाताने चकल्या पाडल्यात म्हणे! सीमाताईंनी चहाडी केली आहे. आई, निदान यंदा तरी त्यांना पाडू द्यायच्या होत्यात.

आम्ही दोघं ठीक आहोत. हे दर शनिवारी रात्री शुगर लँडहून माझ्याकडे येतात आणि सोमवारी पहाटे परततात. येताना कढीपत्त्याच्या दोन काड्या आणतात आणि एवढं लांब ड्राइव्ह केल्याचं कौतुक पुढच्या शनिवारपर्यंत पुरवून घेतात. तुमचाच मुलगा, मी काय सांगणार?

तुमचं काम केलं. वसुबारसेला तुमच्या नावाने गाईला घास दिला. हात मोडल्यामुळे यंदा तुम्हाला शेजारच्या गोठ्यात जाता येणार नव्हतं, आणि त्याआधीच्या पत्रात तुम्ही हक्काने लिहिलंत, ‘तुला तिकडे गाईच गाई, माझ्या वाटचा घास तूच दे.’ कुंपणापलीकडे गव्हाचं रान आहे, तिथली कोवळी पात उपटून दिली. तुम्ही त्या दिवशी गव्हाला शिवत नाही आणि मी गाईला गव्हाचीच पात घातली, म्हणजे शास्त्र आधीच मोडलं. पण दुसरं हिरवं काही जवळपास नव्हतं. हळदकुंकू लावायचा धीर मात्र झाला नाही, कुणी बघितलं असतं तर काय सांगणार?

गाय तांबडी आहे, तोंड पांढरं. वासरू मोठं गोड आहे. नाव विचारलंत, तर इथे नावं नसतात. तिच्या कानात एक्केचाळीस नंबरचा बिल्ला आहे. दूध किती देते असंही विचारलंत. दूध वासरूच पितं, आम्ही काढत नाही.

माझं काम म्हणजे गाईंच्या रक्तात अ जीवनसत्त्व किती आहे ते मोजायचं. काहींना ते खुराकातून देतात, काहींना हिरव्या चाऱ्यातून, तर काहींना मुद्दाम देत नाहीत. न देण्याच्या गाईंना नुसती ज्वारी आणि सरकीची टरफलं. (हो, इथे ज्वारी गुरांना घालतात. अप्पांना सांगू नका, भाकरी गोड लागायची नाही.) मानेच्या शिरेतून रक्त काढून नळ्या लगेच चंदेरी कागदात गुंडाळायच्या, कारण उजेड लागला की ते जीवनसत्त्व नासतं. लॅबमध्येही आम्ही मंद पिवळ्या दिव्यात वावरतो.

गाईंचं खाणं कालवायचं काम डेबीचं. ती माझ्याबरोबर पीएचडी करते. मला गाडी तिनेच शिकवली, आणि अजून एकटीने चालवायची भीती वाटते म्हणून दर शनिवारी भाजी आणायलाही तीच नेते. या आठवड्यात एका गाईचा आकडा जरा विचित्र आला. आमचे प्रोफेसर, डॉ. हॉलिस, यांनी डेबीला बोलावलं आहे. कालवण्यात काही इकडचं तिकडे झालं असेल. होईल नीट.

पत्राची जागा संपली. अप्पांना नमस्कार, सीमाताईंना दटावणी. हाताला जपा.

तुमची
कांचन


टेक्सस
रविवार, १४ डिसेंबर १९८६

आई,
नमस्कार करते.

तुमचं पत्र बुधवारी आलं. प्लास्टर निघालं, हाड छान जुळलं, वाचून जीव भांड्यात पडला. पण पुढे तुम्ही लिहिलंत, ‘कांचन, तुझा घास लागू पडला! आळीत सगळ्यांना सांगितलं, माझी सून अमेरिकेत गोसेवा करते. आणि बिननावाची गाय कसली? तोंड पांढरं म्हणतेस, तर तिला चांदणी म्हण.’

मी पत्र पेटीपाशी उभ्याने वाचलं आणि घडी करून पर्समध्ये ठेवलं.

हे म्हणतात, “आईला कशाला तुझ्या कामाचं सगळं एक्सप्लेन करतेस? उगाच टेन्शन घेईल. मजेत आहोत असं लिही आणि पोस्ट कर, यार.” गेल्या पत्रात मी तेच केलं होतं. पण तुम्ही आळीत माझं कौतुक सांगत फिरणार आणि मी इथे बसून ते ऐकून घेणार, हे माझ्याच्याने होत नाही.

या गाई दुधाच्या नाहीत, आई. मांसासाठी पाळलेल्या आहेत. दुधाचं विचारलंत तेव्हा मी शब्दांत पळवाट काढली. याची मला लाज वाटत होती, पण आता जे लिहिणार आहे त्यापुढे ती काहीच नाही.

चांदणी ही जीवनसत्त्व न देण्याच्या गाईंपैकी होती. हिरवं पान तिच्या तोंडात जाता कामा नये हे मला पक्कं ठाऊक होतं. मोजणारी मीच. तरी म्हटलं, एका घासाने काय होतंय? आणि एका घासाने खरंच काही झालं नसतं. पण दुसऱ्या दिवशी मी गेले तर ती कुंपणाशी येऊन उभी. त्याच संध्याकाळी तिचं वासरू अंधारात चाचपडत लोखंडी दांड्यावर आपटलं. रातांधळेपणाची ती सुरुवात होती. मला बघवेना. मी पुन्हा रानात गेले आणि या वेळी चांगली कवळभर पात आणून दोघांपुढे टाकली. मग रोजच. वासराची दया आली हे खरं, पण तेवढंच नाही. या गावात सोमवार ते शुक्रवार माझी कुणी वाट बघत नाही. ती बघायची.

रक्तात ते उतरायचंच. मशीनच्या कागदावरच्या आलेखात तिचा उंचवटा बाकी गाईंपेक्षा कितीतरी वर चढला, आणि तो पहिल्यांदा मीच पाहिला. त्या दिवसापासून पात बंद केली. डॉ. हॉलिसनी सगळ्यांना समोर बसवून विचारलं, “कुणी या गाईला काही वेगळं खायला घातलं का?” मी नळ्यांवरचा चंदेरी कागद सोलत राहिले.

दोष डेबीवर आला. खाणं कालवायचं काम तिच्याकडून काढलं. तिचा प्रबंध याच खाण्यावर आहे, म्हणजे तिची सगळी मेहनत संशयात गेली. ती माझ्याकडे आली. डोळे रडून सुजले होते. म्हणाली, “कांचन, आय अ‍ॅम सो सॉरी. माझ्यामुळे तुझी मापं वाया गेली. मी कुठे चुकले तेच मला सापडत नाही.”

मी म्हटलं, “इट्स ओके, डेबी.”

आई, मी तिला माफ केलं! गुन्हा माझा आणि माफ मी तिला केलं. वर दर शनिवारी तिच्याच गाडीत बसून भाजी आणायला जात राहिले.

आता चांदणीचं. तुम्ही विचारलंत, गाय-वासरू बरी आहेत ना. हे लिहिताना मी सकाळपासून तीनदा उठले. प्रयोगातून काढलेली गाय इथे ठेवून घेत नाहीत. सोमवारी ट्रक आला. वासराला मागे ठेवलं आणि तिला नेलं. कुठे नेलं ते तुम्हाला कळलं असेल. मी गेले होते. मला पाहून ती नेहमीसारखी कुंपणाशी आली आणि मी रिकाम्या हाताने उभी होते. वासरू त्यानंतर दोन दिवस हंबरत होतं. ते थांबलं त्या दिवशी तुमचं पत्र आलं, तिचं नाव घेऊन.

गुरुवारी सकाळी मी डॉ. हॉलिसच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. वसुबारस म्हणजे काय तेही सांगितलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. शेवटी म्हणाले, “नोव्हेंबरमध्ये सांगितलं असतंस तर मी तिला हिरव्या चाऱ्याच्या गटात टाकलं असतं. आकडा कशाने चढला तेच कळेना, म्हणून काढावी लागली.”

म्हणजे आई, तुमच्या घासाने काही बिघडलं नाही. माझ्या घासांनीही तिचा जीव गेला नसता. मी गप्प बसले म्हणून ती गेली.

डेबीला तिचं काम परत मिळालं. मी तिच्याकडे जाऊन सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, “तू मला इट्स ओके म्हणाली होतीस.” त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. काल शनिवार होता. पिशवी घेऊन चालत गेले, बटाटे आणि कांदे तेवढे आणले. माझं पुढे काय करायचं ते डॉ. हॉलिस जानेवारीत सांगणार आहेत. तोवर मला गोठ्याकडे फिरकायची बंदी आहे.

सगळे नको म्हणत असताना तुम्ही मला शिकायला पाठवलंत, म्हणून हे आधी तुम्हाला. यांना मी लिहिते आहे हे माहीत आहे, काय लिहिते आहे ते माहीत नाही. रात्री सांगेन. आळीत काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, फक्त गोसेवा म्हणू नका.

आणि मनात काही आणू नका. वसुबारसेचा तो एक घास तुमच्या नावाचा होता आणि मी तो मनापासून दिला होता. बाकीचे सगळे माझे. पुढच्या वर्षी तुमचा हात धड असेल, तेव्हा शेजारच्या गोठ्यात जाऊन स्वतःच्या हाताने घास द्या. एक चांदणीच्या नावाने द्या. माझं नाव घेऊ नका.

अजून म्हणवून घेतलेलं चालणार असेल तर,
तुमची
कांचन