सही जुळत नाही

१४ तारीख, रविवार, दुपार

लाडक्या धाकटीस,

ताईचे पुष्कळ आशीर्वाद. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचं जेवण ठीक चाललंय, गुडघे अधूनमधून कुरकुरतात. स्वयंपाकघरातला नळ अजून गळतोय आणि प्लंबर अजून "उद्या येतो" म्हणतोय. तुझ्या नवऱ्याचा खोकला थांबला का?

तुझं पत्र मिळालं. "आई रागावली असेल तर तिने स्वतःच्या हाताने तसं लिहावं, तुझ्यामार्फत निरोप नकोत," असं तू लिहिलंस. बरोबरच आहे तुझं. फोनवर तिला धड ऐकू येत नाही म्हणून दर महिन्याला चार पानं लिहिणारी बाई सात महिने एक ओळ लिहीत नाही, आणि मी आपली तिच्या डोळ्यांचं निमित्त सांगत बसले. डोळे उत्तम आहेत तिचे. माझ्या भाजीतला केस तिला लांबून दिसतो.

ती तुझ्यावर रागावलेली नाही. एवढं आधी नीट वाच, मग पुढचं.

आमच्या बँकेने जुन्या बँकेच्या नाकावर टिच्चून बरोबर समोर शाखा उघडली, ते तुला ठाऊक आहे. त्यांनी ठेवीवर पाव टक्का वाढवला की आम्ही अर्धा. वर खातं उघडणाऱ्याला चाकांची बॅग. बॅगेसाठी भल्याभल्यांनी रांगा लावल्या. आम्हाला महिन्याला प्रत्येकी चाळीस खाती आणायची होती. ज्याची कमी पडतील त्याचं नाव मॅनेजर सकाळी सगळ्यांसमोर वाचायचे. त्या महिन्यात माझी एकोणचाळीस झाली होती आणि शेवटचा दिवस उजाडला होता.

आईला जुनी बँक सोडायची नव्हती. तिथले चष्मेवाले कॅशियर तिची विचारपूस करायचे, धाकटीचं पत्र आलं का विचारायचे. तरी मी आठवडाभर मागे लागले, तेव्हा "तुझं काम होतंय ना, मग घे बाई," म्हणाली आणि तिथली ठेव मोडून आली. मी घाईत फॉर्म उचलला. बँकेत गेल्यावर बघते तर सहीची जागा कोरी. घरी जाऊन यायला वेळ नव्हता.

सही मी केली. शाळेत प्रगतीपुस्तकावर केली होती तेव्हा आईने लगेच पकडलं होतं. या वेळी कोणीच पकडलं नाही. तीच सही नमुना म्हणून कॉम्प्युटरमध्ये गेली. जुन्या बँकेत तिने त्या दिवशी इतक्या कागदांवर सह्या केल्या होत्या, की आमचा फॉर्मही त्यातच होता असं तिला वाटलं. मी वाटू दिलं.

वर्षभरात जुन्या बँकेची गिऱ्हाइकं आटली आणि शटर खाली आलं. चष्मेवाल्यांची कुठेतरी बदली झाली. मग आमच्या बँकेने व्याज कमी केलं, जुनी बँक देत होती त्याहूनही कमी. समोर कोणी उरलंच नाही म्हटल्यावर कोण कोणाला विचारतो!

ठेवीची मुदत संपली तशी आई पैसे काढायला आली. तुझ्याकडे यायचं तिकीट काढायचं होतं तिला. तुला कळवायचं नाही, एकदम दारात उभं राहायचं, असा बेत होता.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, सही जुळत नाही. आई हसली, दुसरी केली. मग तिसरी. मागे रांग चुळबुळायला लागली. मी तिसऱ्या टेबलावर कागदात डोकं घालून बसले होते. मॅनेजर आले आणि अगदी मायेने म्हणाले, "वयानं हात कापतो हो. आजींचा अंगठा घ्या, म्हणजे कायमची कटकट मिटली."

आपल्या आईचा अंगठा, धाकटे! शेजारपाजारच्या बायकांना कोणी अंगठेबहाद्दर म्हणू नये म्हणून दुपारी त्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवून जिने सही शिकवली, तिचा. तिने माझ्याकडे बघितलं. शाईचं पॅड मी नेऊन दिलं. मीच.

घरी येऊन तिने अंगठा तीनदा साबणाने धुतला. मग कितीतरी दिवस कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर सह्या गिरवत होती. ती चळत मला परवा तिच्या गादीखाली सापडली. सगळ्या सह्या एकसारख्या, सरळ, कुठेही थरथर नाही. पण तेव्हा तिला ते दिसेना. "हात गेला गं माझा," म्हणाली आणि पेन माझ्या टेबलावर आणून ठेवलं. तिकिटाचं नाव काढलं नाही. हात गेला तसे पायही जातील, धाकटीला उगाच निस्तरावं लागेल, म्हणाली.

एका वाक्याचं काम होतं. आई, तुझा हात बरा आहे, खोटी सही माझी आहे. नोकरी जाईल, घर कसं चालेल, असं मी सात महिने स्वतःला सांगत आले. तेही पुरतं खरं नाही. मला तिच्यासमोर लाज वाटत होती.

आज सकाळी हा कोरा कागद तिच्यापुढे ठेवला. म्हटलं, धाकटीला दोन शब्द लिही. तिने कपाटातून शाईचं पॅड काढलं. विकत आणून ठेवलंय, मला माहीत नव्हतं. पानाच्या तळाशी थोडी जागा सोडून अंगठा उमटवला आणि म्हणाली, "हा तरी जुळेल तिला."

त्या ठशाच्या वर मी हे सगळं लिहिलंय. पुन्हा एकदा तिच्या कोऱ्या कागदावर, तिला न सांगता. पण या वेळी पाकीट चिकटवणार नाही. चार वाजता ती चहाला उठेल, तेव्हा हे पत्र तिच्या हातात देणार आहे. तुला ते मिळालं, म्हणजे तिने वाचलं असं समज.

ठशाखाली तिच्या अक्षरात एखादी ओळ असेल तर तिला उत्तर लिही. खाली काहीच नसेल, तर लिहीत बसू नकोस, निघून ये. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी.

ठसा आईचा. सही माझी, या वेळी माझ्याच नावाची.

तुझी
ताई