झाकणावरचं कडं

लँकेस्टर,
१२ ऑक्टोबर १९९६, शनिवार

प्रिय फर्न,

आज दिवसभर ढगाळ होतं, पाऊस मात्र आला नाही. सकाळी गार्बरच्या बागेतून सफरचंदं आणली. दुपारी ती शिजवली, गाळली आणि गर बरण्यांत भरला. आता पाच वाजत आले आहेत. माझी तब्येत ठीक आहे. तुझ्या कमरेला थंडीचा त्रास होत नसेल असं समजतो.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला मोठ्याने बोलता येत नाही, म्हणून पत्रच लिहितो. खरं तर तुझ्या पत्राला उत्तर द्यायला मला फारच उशीर झाला. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगला तुझा मुलगा डेल तुला गाडीने इथे सोडणार आहे, हे वाचलं. आणि अगदी शेवटी, सहीच्या वर, तू विचारलं आहेस, ‘आर्लीनची बरणी जागेवर आहे ना?’ त्याचं पुढे लिहितो. आधी आजचं सांगतो.

मार्लिन गार्बर मला बघून म्हणाला, “आलास का? मला वाटलं, यंदा तू काही येत नाहीस.”

“न यायला काय झालं?”

“झालं काही नाही. किती देऊ?”

“नेहमीइतकी.”

त्याने टोपी मागे सारली आणि माझ्याकडे बघत राहिला. “नेहमीइतकी म्हणजे तुझी बायको आणि तिची बहीण, दोघींच्या हिशोबाने होती, विल्मर. तू एकट्याने एवढी खाल्लीस तर डॉक्टर मला धरेल.” पण टोपल्या गाडीत चढवून दिल्या त्यानेच. स्मोकहाउस जातीची सफरचंदं छान पिकली आहेत. स्टेमन जातीची अजून कडक आहेत, थंड जागी ठेवली तर नोव्हेंबर संपेपर्यंत टिकतील, असं म्हणाला.

घरी आलो तर लिनचा कॅलिफोर्नियाहून फोन. मुलगा म्हणून तो काळजी करतो, त्यात त्याचं काही चुकत नाही.

“बाबा, दुकानात मिळतो तो गर. काचेच्या बरणीत मिळतो.”

“मिळतो.”

“मग?”

“मग काही नाही.”

“हात भाजून घ्याल. आणि एवढं खाणार कोण?”

मी म्हटलं, पातेल्यातलं पाणी उकळतंय. ते तेव्हा उकळत नव्हतं.

लग्न झाल्यापासून दर वर्षी मी या स्वयंपाकघरात गाळणीचा दांडा फिरवत आलो, पण दांड्यापलीकडे कधी बघितलं नाही. वरून शिजलेल्या फोडी घालायचीस तू, खाली भांडं धरायची आर्लीन. तुम्ही दोघी बोलत असायचात आणि मी फिरवत असायचो. “विल्मर, तू यंत्र फिरवतोस की यंत्र तुला फिरवतंय?” हे तू दर वर्षी विचारायचीस. आर्लीन म्हणायची, “त्याला बोलू नकोस ग. हात थांबला की लगेच जेवायला मागतो.”

आज एका हाताने फोडी घातल्या आणि दुसऱ्या हाताने दांडा फिरवला. खालचं भांडं सरकलं. पहिला गर फरशीवर गेला, तो पुसून काढला. पुन्हा सुरू केलं. भांडंभर झाल्यावर चव घेतली. गोड होता, पण पाणचट आणि पांढरट. आपल्या घरचा नव्हता. साखर घालून बघितली, आणखी बिघडला. तुझी दालचिनीची बाटली कपाटात मागे अजून आहे, तिच्यापर्यंत माझा हात गेला होता. मग आठवलं, आर्लीन तुला काय म्हणायची. “दालचिनी घालायची असेल तर तुझ्या घरी ओहायोत जाऊन घाल. माझ्या पातेल्यात नाही.” बाटली परत ठेवली.

सालं आणि बियांचा चोथा टाकायला बादली उचलली आणि मागच्या दारापर्यंत गेलो. बादली जड लागली. इतकी वर्षं ती मीच झाडाखाली नेऊन ओतत आलो आहे, फर्न, आणि ती मी दोन बोटांनी नेत असे. दारात उभा राहून विचार केला की हे वजन कसलं. तुम्ही दोघी चोथा टाकत नव्हतात. एकदा गाळून झालं की पुन्हा वरून घालायचात, आणि मग पुन्हा. मी वैतागायचो. आर्लीन म्हणायची, “फिरव. अजून आहे त्यात.” मला वाटायचं, हा तिचा काटकसरीपणा.

बादली धुतलेलीच होती. परत आत आणली आणि चोथा पुन्हा घातला. दांडा खूप जड गेला. पण जो गर खाली आला तो घट्ट होता आणि सालीचा रंग उतरून गुलाबी झाला होता. तिसऱ्या वेळचा त्याहून गडद. पहिल्या पाणचट गरात तो मिसळला आणि चव घेतली. तेव्हा खुर्ची ओढून जरा बसलो.

मग बरण्या भरल्या, चपटी झाकणं ठेवली, त्यांवर पेचाची पत्र्याची कडी फिरवून बसवली, उकळत्या पाण्यात उभ्या केल्या. बाहेर काढून टेबलावर पंचा अंथरून त्यावर मांडल्या. त्या आता माझ्यासमोर आहेत. हे पत्र मी टेबलाच्या उरलेल्या कोपऱ्यावर लिहितो आहे.

बरणी निवायला लागली की झाकण आत ओढलं जाऊन टक् होतं, तेव्हा आर्लीन कुणाला हलू देत नसे. “ऐकलं?” एवढंच म्हणायची. तुला ते ऐकू येईनासं झालं तेव्हापासून ती तुझ्या मनगटावर बोट टेकवायची. प्रत्येक झाकणाला एकदा. तू डोळे मिटून बसायचीस आणि दोघींच्या चेहऱ्यावर एकदमच हसू यायचं. तुम्हा दोघींना कदाचित माहीत नसेल, मी पेपर समोर धरून ते बघत असे.

आज पहिली टक् झाली तेव्हा मी भांडी घासत होतो. वळून तुमच्या खुर्च्यांकडे बघितलं. दुसरी झाली तेव्हा टेबलावर बोट टेकवून पाहिलं. त्यानंतर तसं केलं नाही.

बरणीचं उद्या लिहितो. कालचं मक्याचं सूप आहे, ते गरम करायला हवं.

१३ ऑक्टोबर, रविवार

चर्चला जाऊन आलो. गाणी चांगली झाली. आर्लीनच्या बाजूला जिथे मी बसत असे तिथेच बसतो, तिची जागा कुणी घेत नाही, त्यामुळे बाकावर माझ्या शेजारी मोकळं असतं. यात लोकांचा चांगुलपणाच आहे. पण कुणी बसलं तर माझी हरकत नाही, हे त्यांना कसं सांगावं ते मला समजत नाही.

आता बरणी.

मार्चमध्ये तिच्या अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं, त्यासाठी बायका इथल्या घराच्या तळघरातून गराच्या सगळ्या बरण्या पेटीत भरून न्यायला आल्या होत्या. तू जिन्यात त्यांना अडवलंस आणि एक बरणी परत ओढून घेतलीस. “बाकीच्या न्या, ही नाही.” मग मला म्हणालीस, “मला तिची रजई नको, बशा नकोत. ही बरणी आपण थँक्सगिव्हिंगला उघडू, मी आले की. तू आणि मी. तोवर तिला हात लावशील तर बघ.” आणि पीचच्या बरण्यांमागे ती ठेवून दिलीस.

मी हात लावला, फर्न.

तू परत गेल्यावर संध्याकाळी एकदा खाली जाऊन बरणी बघून आलो. मग रोजच जाऊ लागलो. घरात संध्याकाळी दुसरं काही करायचं नसतं. खाली जायला निमित्त लागतं, ते मिळालं. बरणी पुढे घ्यायची, पुसायची, उजेडात धरायची, परत ठेवायची. नुसत्या चपट्या झाकणाची ती बरणी मला उघडी वाटायला लागली. म्हणून खिळ्यावरचं एक कडं काढून तिला बसवलं. मग रोज ते घट्ट आहे का बघायचो आणि जरा आवळायचो. रोज जरासंच.

आता तू हे वाचताना काय म्हणत असशील ते मला ठाऊक आहे. झाकण एकदा बसलं की कडं काढून टाकायचं आणि पुन्हा त्या बरणीला लावायचं नाही, हे इथल्या पाच वर्षांच्या पोरीला माहीत असतं. मलाही माहीत होतं. आर्लीनने दर वर्षी माझ्या हातात कड्यांचा जुडगा देऊन तो खिळ्याला अडकवायला लावला आहे. कडं आवळलं की झाकण पिळतं, कधीतरी सुटतं, आणि सुटलेलं झाकण कड्याखाली दिसत नाही. मला वाटलं, मी तिची बरणी जपतो आहे.

गुरुवारी रिकाम्या बरण्या आणायला खाली गेलो तेव्हा कड्याच्या खालून काहीतरी ओघळून वाळलेलं दिसलं. कडं फिरवलं तर झाकण आपोआप वर आलं. वास आला. वर हिरवट साय धरली होती. त्याबद्दल आणखी लिहीत नाही.

त्या दिवशी मी बराच वेळ तळघराच्या पायरीवर बसलो होतो. तिच्या हातचं घरात आता खाण्यासारखं काहीही उरलेलं नाही. वाणसामान मी आणलेलं असतं, पीच दुकानातले आहेत, लोणच्याच्या बरण्या जूनमध्येच संपल्या. तो गर मी मागच्या झाडाखाली ओतला, माती लोटली आणि बरणी धुतली.

कालची एवढी मांडामांड कशासाठी केली, तेही सांगून टाकतो. मनात असं होतं की तसाच गर जमला तर पीचच्या मागे एक बरणी ठेवून द्यावी आणि थँक्सगिव्हिंगला तीच तिची म्हणून उघडावी. तू काही बोलली नसतीस, ओळखलं असतंस तरी. किंवा बोलली असतीस. पहिल्याच चमच्याला मान वर करून माझ्याकडे बघितलं असतंस, आणि मला तिथून कुठे जायला जागा राहिली नसती. गुलाबी गर खाली यायला लागला तेव्हा तो बेत माझ्या डोक्यातून गेला. चव जमली नाही म्हणून सोडला, असं नाही, चव जमली होती. पण ती चव तुम्हा दोघींची होती, निम्मी तुझी. मग तुझी चव तुलाच तिची म्हणून कशी वाढायची?

ती धुतलेली बरणीही मी काल भरली. भरताना लक्षात ठेवली होती. पाण्यातून काढताना सगळ्या एकसारख्या झाल्या, आणि आता टेबलावरच्यांतली ती कोणती हे मला सांगता येत नाही. आधी वाईट वाटलं. आता तितकं वाटत नाही.

तर बरणी नाही. तू येणार होतीस ती त्या बरणीसाठी. गुरुवारी मला सगळ्यात आधी हेच सुचलं, गर गेल्याचं दुःख नंतर आलं. डेलला एवढ्या लांब गाडी चालवायला लावणं, तुझी कंबर, वाटेतला बर्फ, हे सगळं मी समजू शकतो. येण्याचं तू ठरव. माझ्यासाठी म्हणून यायलाच हवं, असं धरू नकोस.

खालच्या खोलीतला पलंग खिडकीपासून आत सरकवून ठेवला आहे, तिथे वारा लागत नाही. जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा ठोकला, तो माझ्यासाठीही लागणारच होता. स्टेमनच्या टोपल्या मागच्या ओसरीत झाकून ठेवल्या आहेत, त्यांना मी हात लावलेला नाही. काल समजलं की यंत्राला दोन माणसं लागतात, एक वरून घालायला आणि एक दांड्याला. दांड्याचं काम मला येतं. दालचिनीची बाटली कपाटात आहे. एका पातेल्यात तू घालून बघ म्हणशील तर मी अडवणार नाही, आणि आता अडवणारं दुसरं कुणी नाही.

झाकणांचा आवाज मला अजून नीट ऐकू येतो. मनगटावर बोट टेकवणं मला जमेल का, माहीत नाही. मी तसा माणूस नाही, हे तुला ठाऊक आहे.

आर्लीन रविवारी घरात काम करू देत नसे, पण कडी काढणं ती काम धरत नसे. बरण्या रात्रभर निवल्या आहेत. आता उठतो. एकेक कडं सोडवून बाजूला ठेवायचं, मग बरणी नुसत्या झाकणाच्या कडेला दोन बोटांनी धरून जराशी उचलून बघायची. सुटली नाही तर झाकण बसलं. कडी धुऊन, पुसून सगळी खिळ्याला अडकवतो. यंदा एकही बरणीवर ठेवत नाही.

वाट पाहणारा,
विल्मर