पान चारशे बारा

धायरी, मंगळवार

ती. मथुरावन्सं यांना कौशल्येचा दंडवत.

तुमचा गुडघा नव्या तेलाला दाद देतोय की अजून हटूनच बसलाय? इकडे सगळं ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तुमच्या भावाची दृष्टी साखरेने नेली त्याला दोन वर्षं झाली. गणपतीपासून तर हे भिंतीकडे तोंड करून पडून असत. "उठून काय बघायचंय?" म्हणत. (मी उठून चहा करी.)

अशात केतकावळ्यांच्या पत्रसंग्रहाची वाढीव आवृत्ती निघाल्याचं रेडिओवर कळलं. केतकावळे म्हणजे तेच थोर लेखक, ज्यांचं ह्यांना आलेलं कार्ड आमच्या बैठकीत देवांच्याही वर टांगलंय: "आपल्या कथेत सच्चेपणा आहे. लिहीत राहा." खडकीच्या कारखान्यात बत्तीस वर्षं काडतुसं तपासणाऱ्या माणसाने त्या एका ओळीवर पेटीभर कथा लिहिल्या. एकही छापून आली नाही. तरी कार्ड होतं. सुनेने, पायलने, पुस्तक मागवलं (ती खराडीच्या ऑफिसात बसून फोनवर काहीही मागवते, परवा कोथिंबीर) आणि मी रोज दुपारी चष्मा लावून ह्यांना वाचून दाखवू लागले. आधीची आवृत्ती साडेतीनशे पानांची होती. वाढवली नसती तर कुणाचं काय अडलं असतं?

चारशे बाराव्या पानावर लेखकाने आपल्या भाचीला लिहिलेलं पत्र आहे. मी बेसावधपणे वाचून गेले, "खडकीहून हिंदुराव नावाचे एक गृहस्थ दरमहा कथा पाठवतात." हे ताडकन उठून बसले. "थांब. परत वाच." परत वाचलं. "पुढे?"

पुढे असं होतं: "दारूगोळ्यात राहून इतकं विझलेलं कसं लिहवतं, देव जाणे. लिहीत राहा म्हणून कार्ड टाकलंय. तसली कार्डं मी गठ्ठ्याने लिहून ठेवतो."

वन्सं, मी सातवी पास. पण त्या क्षणी मीच केतकावळे झाले. "त्यांच्या लेखणीत आग आहे," असं वाचलं. "आज जग ओळखत नाही, उद्या ओळखेल," असंही वाचलं. (थोडं जास्त झालं. पण कुठे थांबावं हे थोर लेखकांना तरी कुठे कळतं?) हे रडले. गेलेल्या डोळ्यांतूनही पाणी येतं, हे मला ठाऊक नव्हतं. मग अकरा वेळा वाचायला लावलं. चौथ्या वेळी माझ्याकडून "उद्या"चं "लवकरच" झालं, तर म्हणाले, "मघाशी उद्या होतं." तेव्हापासून शिसपेन्सिलीने समासात लिहूनच ठेवलंय.

इथवर पाप माझ्यापुरतं होतं. पण मी गिरणीवरून दळण घेऊन येईतो ह्यांनी पायलकडून दहा प्रती दहा नातेवाइकांना धाडूनही दिल्या. पत्ते सगळे तोंडपाठ. बाकी नऊ घरांची काळजी नाही. आपल्या माणसांत पुस्तक उघडायची खोड कुणाला नाही. पण तुम्ही भेळेचा कागदसुद्धा वाचून मग टाकता.

थोरांना नमस्कार, लहानांच्या पाठीवरून हात.

आपली,
कौशल्या

ता. क. रविवारी हे फोन करतील आणि "आक्का, चारशे बारावं पान वाच," म्हणतील. समासातलं सगळं सोबतच्या कागदावर उतरवलंय, तेच वाचा. एक शब्द इकडचा तिकडे करू नका. खरं पान फाडून बंबात घाला. पुस्तक पत्राआधी पोहोचलं असेल, तर वाचलेलं विसरा.

ता. क. दुसरा. पेटीतल्या कथा काल मी पहिल्यांदाच वाचल्या. इतक्या वर्षांत कधी हात लावला नव्हता. केतकावळे खरं बोलले होते. पण हे आता सकाळी दाढी करून बसतात. हे सांगतात, मी उतरवून घेते. बावीस पानं झाली. नायक अजून चपला शोधतोय.