येते मी

प्रिय तनया,

घरात तुझा विषय निघाला की बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात, म्हणून तुझ्या पहिल्या अल्बमची सीडी मी कारमध्ये ऐकते. कंट्री म्युझिकमधलं मला काही कळत नाही. सगळ्या गाण्यांत कोणीतरी घर सोडून निघालेलंच असतं. पण शेवटच्या गाण्याची शेवटची ओळ चक्क मराठीत: "आई, येते मी."

मला वाटलं, येतेयस! स्टॅनमोरला घरी पोचेपर्यंत रडत होते. वेड्यासारखी तुझी खोली झाडली, बेडवर धुतलेली चादर घातली. मग सीडीतली पुस्तिका उघडली, तर त्या ओळीखाली तू अर्थ छापलायस: "गुडबाय, मम."

चूक कुठे आहे? शाळेत निघताना "जाते" म्हणालीस की मीच ओरडायचे, "जाते नाही गं, येते म्हणावं." सगळं मराठी विसरलीस आणि हे तेवढं लक्षात ठेवलंस!

डेंटिस्ट्री सोडून ब्रिस्टलला गेलीस, नंबर बदललास. वेबसाइटवर फॅन्ससाठी पत्ता आहे, तिथे एकदा लिहिलं होतं. तुझ्या सहीचा फोटो आला: "टू सुप्रभा, विथ लव्ह." त्यामुळे हे पत्र काही पाठवत नाही.

त्या ओळीनंतर गिटार जरा थांबते. कोणी "येते" म्हणालं की घरातल्यांनी "ये" म्हणायचं असतं, हेही मीच शिकवलं होतं. तेवढ्या वेळात मी "ये" म्हणते. दरवेळी म्हणते. कारच्या काचा बंद असतात.

ये गं.

तुझी आई