नानांचा ब्रेकर

नाना, आपला ब्रेकर मी काढला. हे आधी सांगते, मग बाकीचं. नारायणगावजवळच्या सबस्टेशनमधला, बाहेरून येणाऱ्या मुख्य लाईनवरचा, तेलाच्या टाकीचा तो करडा ब्रेकर. तुम्ही वीज बोर्डात लागलात त्या वर्षी तो बसला, तुम्ही निवृत्त झालात तरी तो उभा होता, आणि तुम्ही गेलात त्यालाही आता बरीच वर्षं झाली तरी उभाच होता. दर खंडेनवमीला तुम्ही त्याच्यासमोरच्या जाळीला झेंडूचं तोरण बांधायचात, कारण खुद्द त्याच्या जवळ जाऊन हार घालायची सोय नव्हती. आई म्हणायची, "घरातल्या सायकलीला एक फूल न्हाई, आन् त्या टाकीला तोरण." आता ते सबस्टेशन माझ्या ताब्यात आहे. ते आणि घोडेगावकडचं आणखी एक. जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुक्यांतली माणसं लाईट गेली की मला फोन करतात, आणि पूर्वी तुम्हाला पडायच्या त्या शिव्या आता माझ्या वाट्याला येतात.

ब्रेकर म्हणजे काय, हे मला कॉलेजात शिकवलं खरं, पण कळलं होतं त्याआधीच, आपल्या स्वयंपाकघरात. मी नववीत आहे. आई चुलीपाशी भाकरी थापतेय आणि तुम्ही ड्युटीवरून आल्या आल्या, कपडेही न बदलता, कुकरचं झाकण उलटं धरून त्यावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह पान्याने काढताय. खिशात नवा आणलेला आहे. आई वैतागते. "अवो, कालच डाळ शिजली की त्यात. काय बिघडलंय त्याला?" तुम्ही मान वर न करता म्हणता, "डाळ शिजवायचं काम कुकरचं. ह्याचं काम येगळं हाय. शिट्टी तुंबली तर ह्यानं वितळायचं. इतकी वर्सं ह्याला कुणी काम सांगितलंच न्हाई. येतंय का न्हाई, कसं कळणार?" मग माझ्याकडे वळून तुम्ही सांगता की आमच्या ब्रेकरचंही असंच असतं. लाईन सुरळीत आहे तोवर तो नुसता उभा. पण कुठं तार तुटली, झाड पडलं, की पापणी लवायच्या आत त्यानं वीज तोडायची. तेवढ्या एका क्षणासाठी त्याला वर्षभर उभा केलेला असतो. आई त्या दिवशी तुमच्याशी जेवण होईपर्यंत बोलली नाही, पण डाळ त्याच कुकरमध्ये लावली.

दुसरा दिवस आठवतो तो तुम्ही मला रागावलात तो. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, सुट्टीत घरी आलेली. सबस्टेशनला वार्षिक देखभालीचा शटडाऊन होता आणि मी तुमचा डबा घेऊन आले होते. सगळं बंद करून, अर्थिंग लावून तुम्ही ब्रेकरपाशी काम करत होता. मी लांबूनच टाकीच्या बुडाला लागलेला गंज पाहिला आणि नव्या शहाणपणाने म्हणाले, "नाना, हे भंगारात काढायला पाहिजे." तुमच्या हाताखाली नुकतेच लागलेले ऑपरेटर मामा तिथेच उभे होते. तुम्ही त्यांच्यासमोरच विचारलंत, "काय तपासलंस?" मी म्हटलं, गंज दिसतोय ना. "गंज बाहेर हाय. आतलं इचारलंस का त्याला? वय बघून भंगारात काढायचं म्हनलं, तर पयला मला काढ." मला रडू आलं होतं. पण तुम्ही तिथेच थांबला नाहीत. टाकीतलं थोडं तेल काचेच्या बाटलीत काढलंत, माझ्या हातात दिलंत आणि उन्हात धरायला लावलंत. करडईच्या तेलासारखं फिकट, निवळशंख होतं. "हे असं हाय तवर त्याला म्हातारा म्हनायचं नाय." नंतर घासकागद आणि रंगाचा डबा माझ्यापुढे ठेवलात आणि तो गंज माझ्याकडूनच काढून घेतलात. डबा खाताना मात्र तुम्ही तुमच्यातली अर्धी चटणी माझ्या भाकरीवर ठेवलीत.

मला नोकरीचं पत्र आलं तेव्हा तुम्ही पेढे वाटले नाहीत, ते काम आईनं केलं. तुम्ही मला एसटीत बसवून जुन्नरला नेलंत, बाजारपेठेत बूट शिवणाऱ्या चाचांकडे. बायकांच्या मापाचे आमच्या कामाचे बूट तेव्हा कुठे मिळायचे नाहीत. चाचांनी माझं पाऊल कागदावर आखून घेतलं आणि विचारलं, "बेटी को चलने के वास्ते, या काम के वास्ते?" तुम्ही म्हणालात, "कामाला. आन् चाचा, तळव्यात एक बी खिळा नको, खिळा करंट धरतो. सगळं शिवायचं आन् चिकटवायचं." चाचा हसून म्हणाले, "इतने साल से आपके जूते सीता हूँ, मालूम है." बूट तयार झाले तेव्हा तुम्ही प्रत्येक तळव्यावरून अंगठा फिरवून पाहिलात, आणि मगच मला घालू दिलेत. माझ्याबद्दलचा अभिमान तुम्ही उघडपणे बोलून दाखवला असतात, तर मी कदाचित विसरून गेले असते.

तर ह्या वर्षीची गोष्ट. उन्हाळ्याच्या तोंडावर मी ब्रेकरची तपासणी घेतली. नवीन भरलेलं तेल थोड्याच आठवड्यांत पुन्हा काळं पडलं होतं. वीज तोडताना तिन्ही फेजचे कॉन्टॅक्ट एकदम सुटायला हवेत, त्यातला मधला किंचित मागे राहत होता. मागच्या वर्षीही राहत होता, पण ह्या वर्षी जास्त. कारखान्यानं त्याचे सुटे भाग बनवणं केव्हाच बंद केलंय. आतली एक स्प्रिंग तर दुसरीकडच्या मोडीत निघालेल्या ब्रेकरमधून काढून बसवलेली. आणि तरीही कागदावर तो पास होता. सगळे आकडे मर्यादेच्या आत, फक्त कडेला येऊन उभे. नवा ब्रेकर भांडारात आलेला होता, पण तो घोडेगावकडच्या सबस्टेशनसाठी, कारण तिथला आपल्याहूनही जुना.

मी आमच्या वरच्या साहेबांकडे गेले. माणूस चांगला, अनुभवी. ते म्हणाले, "घोडेगावचा वयानं मोठा आहे. यादी वयाप्रमाणे केलीय."

"वयानं मोठा आहे, पण धडधाकट आहे," मी म्हटलं. "परवाच बघून आले. तेल स्वच्छ, तिन्ही कॉन्टॅक्ट बरोबर सुटतात. त्या बाजूला फॉल्ट कमी येतात, त्याची झीजच झालेली नाही."

"आणि हा चालू आहे की. आजवर एकदाही अडकलेला नाही. हंगाम जाऊ दे, दिवाळीनंतर बघू."

"मधे पावसाळा आहे, साहेब. त्याला सगळ्यात जास्त वेळा वीज तोडावी लागते ती त्याच दिवसांत. आणि नाही तोडली तर तेल पेटतं. शेजारच्या खोलीत आमचा माणूस बसलेला असतो."

त्या खोलीत तुम्ही जन्म काढलात, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, उद्या घोडेगावचाच बिघडला तर? मी म्हटलं, तर चूक माझी. ते लगेच हो म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतः आले, चाचणी पुन्हा घ्यायला लावली, चाचणीच्या कागदावरची मधल्या कॉन्टॅक्टची रेघ बराच वेळ पाहत बसले. जाताना एवढंच म्हणाले, "शटडाऊन घे."

सगळ्यात अवघड मामा होते. तेच तुमच्या हाताखाली शिकलेले, आता स्वतः निवृत्तीला आलेले. "ताई, नानांचा ब्रेकर हाय," ते म्हणाले. "अजून चालंल." चालला असता, हे मलाही वाटत होतं.

शटडाऊनच्या दिवशी टोमॅटो ऐन भरात होते. सकाळपासून फोन वाजत होता. खोडदचा एक शेतकरी तर मोटारसायकलवरून थेट फाटकापाशी आला. "मॅडम, आजच काढायचं व्हतं का? पानी सोडायचा दिस आमचा."

"भाऊ, आज एक दिस दम काढा," मी म्हटलं. "हा पावसाळ्यात अडकला तर शेजारचा ट्रान्सफॉर्मर जाईल. मग लाईट कवा येईल ते मलाबी सांगता येणार न्हाई."

त्यानं आत वाकून बघितलं. क्रेनला लटकलेली टाकी, माणसांची धावपळ. "मंग करा," तो म्हणाला. "पन अंधाराच्या आत द्या राव." अंधार पडायच्या आत दिली. दोन्ही बाजूंच्या अर्थिंगच्या तारा मामांनी स्वतःच्या हातानं काढल्या, मी स्वतः मोजून घेतल्या, आणि नवा ब्रेकर पहिल्यांदा चालू केला. तो इतका लहान आहे नाना, तेल नाही, टाकी नाही. तुम्ही म्हणाला असता, ह्येच का ते.

त्याआधी दुपारी आम्ही जुन्याची टाकी खाली उतरवून आत पाहिलं होतं. मधला कॉन्टॅक्ट एका बाजूनं खाल्ला गेला होता, वापरून वापरून झिजलेल्या विळ्याच्या पात्यासारखा. मामा त्यावरून बोट फिरवायला वाकले. मग कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "नानांनी बी काढला असता." नोकरीत मला बढती मिळाली, सत्कार झाले, त्यातलं फारसं काही लक्षात राहिलेलं नाही. हे वाक्य राहील.

पुढे वळवाच्या वाऱ्यात, एका दुपारी, मामांचा फोन आला. पलीकडच्या पोल्ट्रीच्या शेडचा पत्रा उडून थेट सबस्टेशनच्या आवारात, तारांवर येऊन पडला होता. "आवाज लई मोठा झाला, ताई. पन म्या बघेस्तोवर ब्रेकर सुटला व्हता."

"तुम्ही ठीक आहात?"

"मला काय व्हतंय. चा सांडला निसता."

मी गाडी काढून गेले. पत्रा काढला, सगळं तपासलं, संध्याकाळच्या आत लाईट दिली. नारायणगावात लोकांनी तेवढ्या वेळात बोर्डाचा उद्धार केला असेल, नेहमीसारखा. आपल्या बाजूला काय टळलं हे कुणाला कळलं नाही, आणि कळायचं कारणही नाही. वेळेत बदललं की काहीच घडत नाही. मग ह्यांनी केलं तरी काय, असंच लोकांना वाटणार. तुम्ही आयुष्यभर तेच करत होतात आणि आम्हाला वाटायचं, नाना नुसते त्या खोलीत बसून असतात. त्या संध्याकाळी मी आणि मामा खोलीबाहेरच्या कट्ट्यावर बसून राहिलो. हायवेवर टोमॅटोच्या गाड्या लागलेल्या, त्यांचे हॉर्न ऐकू येत होते. मला खूप अभिमान वाटत होता, नाना. माझा वाटत होता आणि तुमचाही, दोन्ही वेगळे काढता येत नव्हते.

घोडेगावचा अजून उत्तम आहे. पावसाळ्यात त्यानं दोनदा वीज तोडली, दोन्ही वेळा झटक्यात. मी दर महिन्याला जाऊन त्याचं तेल बघून येते. त्याचाही दिवस येईल, तेव्हा त्यालाही काढीन.

हे पत्र मी आईलाही दाखवणार नाही, ती उगीच डोळ्यांना पदर लावत बसेल. पण एक गोष्ट लिहायची राहिली, आणि ती तुम्हालाच सांगता येईल. पत्रा पडला तेव्हा जुना असता, तर त्यानंही कदाचित वीज तोडली असती. आता ते कधीच कळणार नाही. शटडाऊनच्या सकाळी, लाईन बंद करायच्या आधी, साहेबांनी फोनवर विचारलं होतं, "खात्री आहे ना?" आणि मी अगदी तुमच्या आवाजात म्हणाले होते, "हाय की." नव्हती, नाना. तुम्हालाही दर वेळी असायची का?