थावरूकाकाचा समुद्र कोणता

१२ मार्च १९६२
आर्णी. बबन शिंप्याच्या दुकानात बसलो. त्याचा मावसभाऊ मुंबईच्या गोदीत आहे, त्याचं पत्र आलं. भाऊच्या धक्क्यावरून आगबोट सुटते, कोकणाच्या काठाकाठानं जाते. पावसाळ्यात बंद. यायचं तर मे संपायच्या आत या, नाहीतर थेट दिवाळीच्या सुमारास.
बबन विचारते, "तिकडे काम काय तुह्यं?"
काही नाही. बोटीत बसाचं, उतराचं, वापस याचं.
"मंग लग्न असन कोणाचं."
त्याले पटतच नाही. तांड्यात कोणाले सांगू नको म्हटलं होतं. त्यानं सांगितलं.

१५ मार्च
थावरूकाका घरी आला. बाचा चुलता, पण सारा तांडा त्याले काकाच म्हणते. ऐंशी उलटली. उजवा डोळा गेलेला. म्हणते, "मलेबी ने."
आठेक वर्षांचा होता तेव्हा बापासंगं मीठ आणाले गेलता. बैलांवर लादून आणत तेव्हा. ती शेवटची खेप. बाकीचे नावेत बसून आले, याले बैलांपाशी बसवलं. "पाणी दुरून पाह्यलं. आत नाही गेलो."
याडी, माझी माय, म्हणाली, "सत्तर वर्षं झाली काका. आजूनबी बापावर रुसून राह्यले काय?"
"हाव," म्हणे.

२० मार्च
काकाले घेऊन यवतमाळ. डॉक्टर म्हणाले काचबिंदू. डावाही चालला. गेलेली नजर परत येत नाही. दिवाळीपर्यंत राहील काय? सांगता येत नाही म्हणाले.
बाहेर आल्यावर काकानं जिलबी मागितली. पावशेर खाल्ली.
म्हणजे जायचं तर मेच्या आतच. दिवाळीचं काही खरं नाही.

२३ मार्च
आता घोळ असा की समुद्र कोणता. काकाले गावाचं नाव माहीत नाही. तांडा गावात शिरतच नसे, बाहेर पाण्याजवळ उतरे, अन् मुक्कामाले नावं स्वतःचीच ठेवे. दोन विहिरींचा. लाल खोंड मेला तो. सोमली जन्मली तो. काका बोटांवर एकवीस मुक्काम म्हणून दाखवते, एकही मागंपुढं होत नाही. शाळेतल्या नकाशात त्यातला एकही नाही.
मास्तरांनी विचारलं, "सूर्य पाण्यातून वर यायचा का पाण्यात बुडायचा?"
काका म्हणे, "गुरुजी, अंधारात लादलं अन् अंधारात निघालो. दिवसा झोपलो."
मास्तरांचं म्हणणं, पश्चिमेला असेल तर मुंबई. पूर्वेला असेल तर मद्रास नाहीतर विशाखापट्टण. मद्रासहून अंदमानला जहाज जातं म्हणतात, चार दिवस पाणीच पाणी, पण परवाना लागतो. धामणगावले जा अन् दोन्हीकडच्या गाड्या विचारून ये, म्हणाले.

२ एप्रिल
धामणगावले निघालो. बाभुळगावले शंकरपट भरलेला, बैलजोड्यांच्या शर्यती, बस थांबली तशी उतरलो. एक पांढरी जोडी, दाव्यालाच ओढ घेत होती. उद्या जाईन.

७ एप्रिल
बाभुळगावच. पट उठला. पांढरी जोडी वणीकडची निघाली. मालक म्हणते चाल संगं, बैल धराले माणूस पाह्यजे. राजूर तिकडेच. कोळशाची खाण पाहाची राहिली आहे.

१९ एप्रिल
राजूर. सारं काळं, थुंकी पण. एक तेलंगी खाणकामगार भेटला, पूर्वेकडल्या काठाचा. त्याच्या गावात मीठ पिकते. लहानपणी बैलवाले येत होते का, विचारलं. आजा सांगे म्हणाला, घागरेवाल्या बायका अन् शिंगं रंगवलेले बैल. म्हणजे पूर्व. का तिकडे दुसरे कोणी गेले असतील? आमचे एकटेच थोडे होते.
धामणगाव राहिलंच.

२८ एप्रिल
तांड्यात आलो. याडीनं ताट पुढं सरकवलं. मग म्हणाली, "तो म्हातारा रोज फाट्यावर जाऊन बसे. येणारी बस दिसे तवर बसला. आता बस दिसत नाही, तरी बसते."
काकाजवळ गेलो. त्यानं तोंड वळवलं, मी जिथं उभा होतो त्याच्या जरा बाजूले पाहून विचारलं, "पट चांगला झाला काय?"
सव्वीस दिवस गेले. कायले उतरलो होतो बाभुळगावले.

३ मे
बबन म्हणते मुंबई. मावसभाऊ आहे, जागा पाहून देईल. खरं आहे. पूर्वेकडे आमचं कोणी नाही. मास्तर म्हणतात आता डोळाच नाही तर कुठंही न्या, हेच ते म्हणून सांगा, म्हातारा खूश होईल. मास्तर वाईट माणूस नाही. मलेही ते एकदा वाटून गेलं होतं.
काकाले विचारलं, काही दिसते? "उजेड दिसते. पाण्याचा चकाका दिसन."

७ मे
धामणगाव, फलाट. सकाळच्या बसनं आलो. काकानं धुतलेला पटका बांधला आहे, पेटीवर बसून राह्यला. मुंबईकडची गाडी आधी आहे, नागपूरकडची नंतर. तिकडून खाली मद्रास.
म्हटलं, "काका, तुमीच सांगा."
"कोणचंबी काढ. पाणी तोंडात घेतलं की मी सांगीन. आपलं मीठ कडवट होतं."
समुद्र सारे खारटच असतील. म्हटलं, "अन् ते नव्हे निघालं तर?"
"तं दुसऱ्या बाजूले जाऊ. बैल थोडेच चाराचे आहेत आता."
मे संपायच्या आत दोन्ही बाजूंच्या भाड्याचे पैसे जमत नाहीत. त्याचा उरलासुरला उजेड तर त्याआधीच जाईल. हे त्याले माहीत आहे, तसा चेहरा होता.
खिडकी उघडली. रांगेत उभा राहूनच लिहून राह्यलो, वही भिंतीले टेकवून. मागून काका विचारते, "काढलं काय रे?" पुढं दोन माणसं आहेत. पहिल्याले बडनेऱ्याचं पाह्यजे, बाबू सुटे मागून राह्यला