टोपली आत गेली

देवेशदादा,

देवळाच्या कमिटीविरुद्धची तक्रार मागे घे, असं तू काल फोनवर म्हणालास. तुझ्या मुलीचं लग्न ठरतंय, पाहुणे चौकशी करतील.

जत्रेच्या नव्या टोपल्या आपलंच घर विणतं. बाबा त्या पायरीखाली ठेवायचे आणि देवळातले लोक पाणी शिंपडून उचलायचे. यंदा बाबा नाहीत, म्हणून मी गेले. "थंयच ठेव गो, उदक शिंपडून आमी घेतव," कमिटीवाले म्हणाले. मी टोपली घेऊन पायऱ्या चढले. त्यांनी मला ढकलून खाली उतरवलं आणि टोपली शिंपडून आत नेली. विणताना माझं बोट कापलं होतं. त्या रक्ताचा डागही तिच्याबरोबर आत गेला.

हे पत्र मी टाकणार नाही. पणजीच्या ऑफिसात तू आडनावाऐवजी गावाचं नाव लावतोस. पाकिटावर आपलं खरं आडनाव दिसलं तर तुला तोंड लपवावं लागेल. तुझं तू बघ.

उद्या पेडण्याच्या पोलीस स्टेशनात माझा जबाब आहे. तिथे वडिलांचं नाव विचारतील. ते मी आडनावासकट सांगणार आहे, आणि मोठ्यानं.

बाबांची,
हर्षा